नातीचं वाचन आणि पाण्याची टाकी

माझी नात सहा वर्षांची, शाळा इंग्रजी माध्यमाची. तिला मराठी वाचता येत नाही हे पहिल्यांदा लक्षात आलं ते माझ्या विहीणबाईंच्या, म्हणजे सुनेच्या आईच्या. त्या गिरगावात राहतात, जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. सरळ म्हणाल्या, मे महिनाभर पोरीला माझ्याकडे द्या, वाचायला शिकवूनच परत धाडते. सून लगेच हो म्हणाली. मला मात्र ते पटेना. मेभर पोरीशिवाय घर? पण तसं बोलून दाखवेन तर ती मी कसली. म्हटलं, त्याआधी ती इथे लालबागेतच वाचायला शिकेल, मी शिकवीन. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मी कसली शिकवते! मुलाने माझ्या फोनवर एक ॲप घालून दिलं. चित्राखाली एकेक वाक्य यायचं, शब्दावर बोट ठेवलं की आतली बाई तो म्हणून दाखवायची, आणि वाक्य पुरं झालं की एक चांदणी पडायची. रोज दुपारी आम्ही दोघी पंख्याखाली आडव्या व्हायचो. पोर अडली की आतल्या बाईच्या आधी मीच पहिला शब्द सांगायची. मला राहवायचंच नाही. तेवढा मिळाला की पुढचं वाक्य ती धडाधड म्हणायची, चांदणी पडायची, आणि मी तिला लाडू द्यायची, एक स्वतःलाही घ्यायची. थोड्याच दिवसांत चांदण्यांनी पडदा भरला आणि माझ्या अंगात वारं शिरलं. जिन्यात भेटेल त्याला मी सांगत सुटले की आमची बाय मराठी वाचते हो.

एप्रिलमध्ये आमच्या चाळीची सत्यनारायणाची पूजा असते, संध्याकाळी पोरांचे कार्यक्रम. मी सेक्रेटरीच्या मागे लागून नातीचं नाव घातलं. जिन्याखालचा सूचनांचा फळा चौकात आणायचा, त्यावर ॲपमधली तीन वाक्यं लिहायची आणि ती तिने वाचायची, असं ठरलं. विहीणबाईंना मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं. माझा विजय त्यांना जवळून दिसायला हवा होता.

नात परकर-पोलकं घालून फळ्यापाशी उभी राहिली आणि तिने माझ्याकडे पाहिलं. मी नुसत्या ओठांनी पहिला शब्द सांगितला. मग काय विचारता. फळ्यावर बोट फिरवत, खणखणीत आवाजात तिने म्हटलं, "माकड झाडावर चढलं. माकडाने पेरू खाल्ला. माकड झोपी गेलं."

मी टाळ्या सुरू केल्या. बाकी कोणी वाजवेना. मग मागून एकजण खिदळला आणि बघता बघता सगळा चौक हसायला लागला. कपाळावरचा चष्मा मी खाली ओढला. फळ्यावर लिहिलं होतं, उद्या पाण्याची टाकी साफ होणार आहे, आजच पाणी भरून ठेवावे. सेक्रेटरीने दुपारी माकड पुसून टाकी लिहिली होती आणि मला सांगायला विसरला होता. त्याला चार शिव्या हासडाव्यात असं फार वाटलं, पण टाकी खरंच साफ व्हायची होती आणि माझ्याही घरात पाणी भरलेलं नव्हतं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

विहीणबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्यांनी पोरीला मांडीवर घेतलं, प्रसाद भरवला. त्या टोमणा मारतील म्हणून मी उत्तरं जुळवून ठेवली होती, पण जाताना त्या एवढंच म्हणाल्या की सुट्टी लागली की न्यायला येते. त्यापेक्षा टोमणा परवडला असता.

न्यायला येणार त्या सकाळी मी तिचे फ्रॉक पिशवीत भरत होते. ती खाटेवर पाय हलवत बसली होती. चौकातलं हसणं ती केव्हाच विसरली होती, मी नव्हते विसरले.

"आजी, ती आजी मला पहिला शब्द सांगेल?"

"नाही गो बाय. ती नाही सांगायची."

तिने जरा विचार केला. "मग मला वाचायलाच लागेल."

"लागेल," मी म्हटलं.

आणि येईलही, हे मला पक्कं ठाऊक होतं. विहीणबाईंची मला धास्ती होती ती त्यासाठीच. एकदा वाचता यायला लागलं की पोर माझ्या तोंडाकडे बघायची थांबेल. मला ते नकोच होतं.