माहेरच्या नावाने टाकलेला एक स्टार

माझ्या दुकानाला चार पूर्णांक दोन स्टार होते आणि त्याच्या दुकानाला चार पूर्णांक नऊ. नवी मुंबईतल्या उलव्यात आमच्या दोघांच्या चष्म्याच्या दुकानांमध्ये एक मेडिकल, एक पोळी-भाजी केंद्र आणि एका सोसायटीचं गेट, एवढंच अंतर. तरी येता-जाता मी त्याच्या दुकानाकडे मान वळवून बघत नसे. बघायचं ते मोबाईलवर. दुपारी गिऱ्हाईक नसलं की त्याचं पेज उघडायचं आणि आज कोणी काय लिहिलंय ते वाचायचं. जेवणाआधी वाचलं तर जेवण जात नसे, म्हणून नंतर वाचायचो.

आम्ही दोघं पूर्वी पावणे एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बरोबर होतो. चष्म्याची काच फ्रेमच्या मापाने घासायची आणि बसवायची, हे आमचं काम. माझं मशीन आणि त्याचं मशीन शेजारी-शेजारी. मी साताऱ्याकडचा, वाशीला मामांकडे राहून कामाला लागलेला. तो इथलाच, खाडीकाठच्या गावातला आगरी. त्याचा हात जड होता. काचेच्या कडेला टवके उडायचे. सुपरवायझर यायच्या आत मी ती काच माझ्याकडे ओढून कड पुन्हा सारखी करून द्यायचो. तो म्हणायचा, "तुझ्या हातान जादू हाय रं." माझ्या लग्नाच्या पत्रिका त्यानेच मोटरसायकलवर फिरून वाटल्या. माझ्या बायकोला तो पहिल्या दिवसापासून वयनी म्हणायचा आणि तिच्या हातची पिठलं-भाकरी मागून खायचा.

कारखाना सोडून मी उलव्यात भाड्याच्या गाळ्यात दुकान टाकलं. काही वर्षांनी तो पेढे घेऊन आला. सरकारने घेतलेल्या गावच्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर त्यांची बिल्डिंग उभी राहिली होती, खालचा गाळा त्याच्या वाट्याला आला होता.

"मी पन चष्म्याचाच टाकतोय," तो म्हणाला. "तुझ्या बाजूलाच हाय. राग नाय ना?"

"राग कसला? गिऱ्हाईक काय कमी आहे इथे," मी म्हणालो आणि दोन पेढे खाल्ले.

राग नव्हताच पहिल्यांदा. मला वाटलं होतं, त्याच्या हातचं काम बघून लोक आपोआप माझ्याकडे वळतील. तसं झालं नाही. काचा तो बाहेरून घासून आणायचा. आणि स्वतः गिऱ्हाइकाशी बोलत बसायचा. कोणाचा मुलगा दहावीला आहे, कोणाला मोतीबिंदूची भीती वाटते, सगळं त्याच्या लक्षात. नऊ वर्षं माझ्याकडून चष्मे नेणाऱ्या शाळेतल्या एका बाईंनी त्याच्या पेजवर लिहिलं, 'माझा नंबर म्हणजे नेमकं काय, हे आयुष्यात पहिल्यांदा मला कोणीतरी समजावून सांगितलं.' ते 'पहिल्यांदा' मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. बाईंना मी काचा उत्तम बसवून दिल्या होत्या. समजावून काही सांगितलं होतं का, ते आठवायचा प्रयत्न केला. सांगितलं नव्हतं. पण चार चांगले शब्द बोलणं हे काय काम झालं? कडा तर मी सांभाळल्या होत्या, त्याच्यासुद्धा.

अशातच एक निवृत्त नर्सबाई त्याच्याकडचा नवा चष्मा घेऊन माझ्याकडे आल्या. घातला की डोकं दुखतं म्हणाल्या. मी चष्मा मशीनवर लावला. एका काचेचा ॲक्सिस हलला होता, म्हणजे काच किंचित फिरून बसली होती. मला इतका आनंद झाला, की तो दिसू नये म्हणून मी उगाच चष्मा पुसत राहिलो.

"त्याच्याकडेच जा. बदलून देईल," मी त्यांना म्हणालो.

त्या गेल्या आणि मी फोन उचलला. दुकानाच्या जुन्या फोनवर बायकोच्या लग्नाआधीच्या ईमेलचं खातं उघडं असायचं. त्यावर तिचं माहेरचं नाव होतं. सासरच्या नावाने तिला सगळं उलवं ओळखतं, माहेरचं कोणाला ठाऊक असणार, असा विचार मी केला. चांगला शांतपणे केला. मग लिहिलं, 'चुकीच्या नंबरचा चष्मा दिला. त्यामुळे माझ्या सासूबाई जिन्यावरून पडल्या, पाय मोडला. या माणसाला काचेतलं काही कळत नाही. लोकांना फसवतो.' आणि एक स्टार. माझी आई तेव्हा गावी धडधाकट होती, रोज सकाळी देवळापर्यंत चालत जात होती.

दोन दिवसांनी त्याचे स्टार चार पूर्णांक आठ झाले. त्या दिवशी मी दुकानात आलेल्या प्रत्येकाशी गोड बोललो. खाली त्याचं उत्तर आलं होतं, 'ताई, आईंच्या पायाचं वाचून वाईट वाटलं. पत्ता द्या, मी घरी येऊन चष्मा तपासतो.' ते वाचून मला लाज वाटायला हवी होती. मला वाटलं, इथेही हा गोड बोलतोय.

तीन आठवड्यांनी दुपारी बायकोचा फोन आला. "घरी या," एवढंच म्हणाली. टेबलावर वकिलाची नोटीस होती, तिच्या नावाने. माहेरचं आणि सासरचं, दोन्ही नावं लिहिलेली. खोटा मजकूर टाकून अब्रुनुकसानी केली, मजकूर काढावा, जाहीर माफी मागावी, अन्यथा दावा.

"हे मी लिहिलंय?" तिने विचारलं.

तिने तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"माझं नाव का घेतलंत? तुमचं होतं की."

"मला ओळखलं असतं."

"म्हणजे मला ओळखलेलं चालणार होतं," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. "आणि तुमच्या आईचा पाय मोडलात तुम्ही."

बेलापूरला एका वकीलबाईंकडे आम्ही दोघं गेलो. त्यांनी मोबाईलवर माझा मजकूर वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"तुम्ही त्यांचे ग्राहक होतात?"

"नाही."

"सासूबाई पडल्या होत्या?"

"नाही," बायको म्हणाली.

मी नर्सबाईंच्या चष्म्याचं सांगितलं. वकीलबाई म्हणाल्या, "फ्रेम सैल होती, मला सर्व्हिस आवडली नाही, असं खऱ्या ग्राहकाने लिहिलं तर ते त्याचं मत. वाईट मत द्यायला कोणाला बंदी नाही. आणि खरी घटना असती तर आपण ती सिद्ध करायला उभे राहिलो असतो. तुम्ही न घडलेली गोष्ट घडली म्हणून लिहिलीत, वर फसवतो म्हणालात. दिवाणी दावा होऊ शकतो, फौजदारी तक्रारही होऊ शकते. आणि नाव यांचं आहे, तेव्हा पहिल्यांदा उभं यांना राहावं लागेल."

तरी मी एक आशा धरली होती. दुसऱ्या दिवशी नर्सबाईंच्या घरी गेलो, निदान चष्म्यात चूक होती एवढं लेखी द्याल का म्हणून विचारलं. त्यांनी मला चहा दिला आणि म्हणाल्या, "त्यांनी दुसऱ्याच दिवशी काच बदलून दिली हो. चूक कोणाच्या हातून होत नाही? तुम्हीच तर म्हणाला होतात, बदलून देईल."

घरी आल्यावर बायको म्हणाली, "उद्या सकाळी आपण त्यांच्या दुकानात जातोय." मी दोन दिवस थांबू म्हणालो. ती म्हणाली, "मग मी एकटी जाते." तेव्हा मला जावंच लागलं.

त्याच्या दुकानात मी तोवर एकदाही पाय ठेवला नव्हता. भिंतीवर फ्रेमा कमी होत्या, बसायला जागा जास्त. मला पहिल्यांदा तेच दिसलं, आणि आपल्याला हे का सुचलं नाही असं वाटलं. माफी मागायला गेलेल्या माणसाच्या मनात हे यायला नको होतं, पण आलं. तो उठून उभा राहिला. हसला नाही. बायकोसाठी खुर्ची पुढे केली.

"भावोजी, मी नाही लिहिलं ते," ती म्हणाली.

त्याने माझ्याकडे बघितलं. "तू?"

"हो."

"का रं?"

रस्त्याने मी बरंच काही ठरवून आलो होतो, रागाच्या भरात झालं, गैरसमज झाला. त्यातलं एकही तोंडात आलं नाही. "तुझं बरं चाललंय म्हणून," मी म्हणालो.

त्याने काउंटरवरची एक फ्रेम उघडली, मिटली. मग माझ्याशी न बोलता तिच्याशी बोलला. "उत्तर टाकला तवा नाव नीट बघितला नवता. मंग वलखला, पत्रिका मीच वाटल्या ना वयनी. पंधरा दिस इचार करत होतो, वयनीचा मी काय वाईट केला. इचारायची पन लाज वाटली. शेजारच्या सोसायटीन डोले तपासायचा कॅम्प ठरला होता माझा, त्यांनी ते वाचून रद्द केला. तवा भाऊ म्हनाला, वकिलाकडं चल."

"मी माफी मागतो. तुझ्यासमोर मागतो," मी म्हणालो.

"काढून टाक ते. आनि तुझ्या नावान लिही, खोटं होतं म्हनून. तिथंच."

"समोर मागतोय की."

"बदनामी सगल्यांसमोर केलीस," तो म्हणाला. "माफी काय माज्या एकट्याच्या कानात?"

मी तिथेच बसून आधीचा मजकूर काढला आणि माझ्या नावाने नवा लिहिला. शब्द बायकोने सांगितले, कारण माझे शब्द सारखे पळवाट काढत होते. माझं नाव, माझ्या दुकानाचं नाव, मजकूर खोटा होता, कोणी पडलं नव्हतं, मत्सरापोटी लिहिलं. 'मत्सरापोटी' हा शब्द काढू का, असं मी विचारलं. ती नाही म्हणाली. वकिलाला फोन करून त्याने दाव्याचं थांबवलं, आणि ते जुनं खातं बायकोने स्वतः बंद केलं.

आमच्या भागात ती माफी बहुतेकांनी वाचली. काही जुनी गिऱ्हाइकं आली नाहीत. एकजण नुसता मला बघायला आला आणि फ्रेम बघून गेला. सोसायटीने त्याचा कॅम्प घेतला. त्याचे स्टार परत चार पूर्णांक नऊ झाले, शिवाय किती मोठ्या मनाचा माणूस आहे, असं चार-पाच जणांनी लिहिलं. म्हणजे त्यातही त्याचाच फायदा झाला, असं मला वाटलं. बायकोपाशी मी ते बोललो नाही. ती त्या काळात माझ्याशी कामापुरतंच बोलत होती, आणि डबा देताना पूर्वीसारखं आज काय केलंय ते सांगत नव्हती.

गेल्या महिन्यात एक आजोबा दुकानात आले. खूप जास्त नंबर, जाड काचा, आणि त्यांना हवी होती बारीक फ्रेम. अशी काच कोणी घासायला घेत नाही, टवका उडाला की सगळी फुकट जाते.

"पलीकडच्या दुकानातून पाठवलंय," आजोबा म्हणाले. "ते म्हणाले, हे काम बाहेर दिलं तर बिघडेल. ह्या भागात ते फक्त तुमच्याच हाताने नीट होईल."

मी दोन दिवस ती काच घासली. कड अशी आली, की कारखान्यात असतो तर उचलून शेजारच्या मशीनवर दाखवली असती. आजोबांनी चष्मा घातला, रस्त्यापलीकडच्या पाट्या मोठ्याने वाचून दाखवल्या आणि खूश होऊन गेले.

ते गेल्यावर मी मशीन पुसायला घेतलं. माझ्याकडे आलेलं गिऱ्हाईक असं सांगून मी त्याच्याकडे पाठवलं असतं का, ते स्वतःला विचारून बघितलं. नसतं पाठवलं. त्याने ते वाक्य किती सहज म्हटलं असेल, ते मला डोळ्यांसमोर दिसत होतं, आणि त्याचाही मला हेवा वाटत होता.

फोन करून आभार माना, असं बायको म्हणाली. मी दोनदा नंबर लावला आणि त्याने उचलायच्या आत कट केला. शेवटी तिनेच केला.