आई, तुम्ही गाडीनं या

आमच्या सायकल ग्रुपचे किस्से इतके का साठतात, याचं कारण मला सापडलंय. रस्त्यावर ट्रॅफिक असला की माणूस ट्रॅफिकवर चिडतो आणि घरी येऊन तेच सांगत बसतो. डॅन्यूबकाठच्या सायकलवाटेवर ना रिक्षा, ना बस, ना टँकर. दिवसभर नुसती नदी, तिचा बांध आणि दोन्ही बाजूंना मका. चिडायला दुसरं कोणीच नाही म्हटल्यावर आम्ही एकमेकांवर चिडतो, आणि त्याचे किस्से होतात.

ग्रुप म्हणजे फार कोणी नाही. मी आणि माझा नवरा निखिल, दोघंही जर्मनीत रेगेन्सबर्गला इंजिनियर. निखिल गाड्यांच्या ब्रेकवर काम करतो, हे लक्षात ठेवा. आमची दहा वर्षांची इरा, जिला मराठी सगळं कळतं पण उत्तर जर्मनमध्येच येतं. आणि आमचा मित्र अमोद, डार्मश्टाटला पीएचडी करणारा, जो लाँग वीकेंड आला की सायकल ट्रेनमध्ये घालून आमच्याकडे हजर होतो. यंदाच्या उन्हाळ्यात त्यात माझ्या सासूबाईंची भर पडली. त्या साताऱ्याहून इराच्या ओढीनं आल्या होत्या.

* * *

अमोदनं एक सेकंडहँड सायकल घेतली. बुटकी, बायकांसाठीची, पण दिसायला झकास. इथल्या जुन्या सायकलींना मागचा ब्रेक हाताशी नसतो, पायात असतो. पायडल उलटं मारलं की चाक जागच्या जागी थांबतं. हे अमोदला कोणी सांगितलं नाही, आणि तोही विचारणाऱ्यातला नाही.

आता आपल्याकडची सवय बघा. उतार लागला, गप्पा रंगल्या की आपले पाय आपोआप पायडल उलटं फिरवायला लागतात. टकटकटकटक. शाळेपासूनची सवय आहे ती. अमोद मला त्याच्या थिसिसबद्दल मागे वळून वळून सांगत होता. उतार आला, त्यानं मजेत पायडल उलटं फिरवलं, सायकल बांधावरच राहिली आणि अमोद मक्यात गेला.

शेतातले एक आजोबा धावत आले. अमोद आडवाच होता. तो आडव्यानंच त्यांना म्हणाला की सगळं उत्तम आहे. मग माझ्याकडे बघून गंभीरपणे म्हणाला, "या देशात मागे जायचा नुसता विचार केला तरी गाडी थांबते."

ती सायकल त्यानं आमच्या तळघरात ठेवली ती ठेवलीच. नंतर तिच्याकडे बघायलाही तो तयार नव्हता.

* * *

निखिलचा प्रॉब्लेम घंटीचा. तो पुण्यात शिकलाय, त्यामुळे वळण दिसलं की त्याचा अंगठा घंटीवर जातो. समोर रस्ता मोकळा असला तरी वाजवणार. बदकं दिसली तरी वाजवणार. या वाटांवर लोक शांततेसाठी येतात, हे त्याला आम्ही परोपरीनं सांगितलं.

एकदा एका वळणाआधी त्यानं अशीच लांबलचक घंटी वाजवली. पलीकडे एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन चालले होते. ते बिचारे वाटेतून खाली गवतात उतरले, कुत्र्यालाही बसवलं. निखिल गेला, मी गेले, अमोद गेला, इरा गेली. आम्ही थांबून आभार मानले तरी ते जागचे हलेनात. शेवटी त्यांनी अतिशय नम्रपणे इराला विचारलं, "बाकीचा क्लब किती मागे आहे?"

* * *

सासूबाई आल्यावर प्रश्न आला की त्यांचं काय करायचं. त्यांना सायकल येत नव्हती. एकटं घरी ठेवणं बरं दिसत नव्हतं. मग निखिलनंच तोडगा काढला. आम्ही सायकलनं जायचं, आईनं डबे घेऊन ट्रेननं पुढच्या गावी जायचं, आणि स्टेशनवर सगळ्यांनी जेवायचं. दर शनिवारी सकाळी आम्ही हेल्मेट चढवायचो आणि म्हणायचो, "आई, तुम्ही गाडीनं या."

त्या यायच्या. कुरकुर नाही, काही नाही. आम्ही धापा टाकत पोचायचो तेव्हा फलाटावरच्या बाकावर त्या पर्स मांडीवर घेऊन बसलेल्या असायच्या.

एकदा आम्ही साल नावाच्या गावी पोचलो तर डबा निम्मा रिकामा. मी विचारलं की आई, दशम्या कुठे गेल्या. त्यांनी शांतपणे सांगितलं की एक जर्मन नवराबायको सायकलवरून आले होते, दमलेले दिसत होते, म्हणून त्यांना वाढल्या. भाषा? त्याची काय गरज, खाणाऱ्याचं तोंड कळतं की.

"बाई माझ्यापेक्षा मोठी होती," त्या म्हणाल्या. थोड्या वेळानं पुन्हा म्हणाल्या, "चांगली सात-आठ वर्षांनी मोठी असेल."

ट्रेनमध्ये परत येताना त्या खिडकीबाहेर बघत होत्या. घर जवळ आल्यावर निखिलला म्हणाल्या, "साताऱ्याला सगळ्या विचारतील, जर्मनीत काय बघितलंस. मी काय सांगू? स्टेशनं?"

* * *

आईला सायकलवर बसवायला निखिलनं साफ नकार दिला. दिवसभर ब्रेकच्या चाचण्या बघणारा माणूस, त्याला सगळीकडे अपघातच दिसतात. पण इरानं आजीला शिकवायला घेतलं होतं. इथं चौथीच्या मुलांची शाळेत सायकलची परीक्षा होते, पोलीस येऊन घेतात. इरा ती नुकतीच पास झाली होती, त्यामुळे तिच्या अंगात साक्षात तो पोलीसच आला होता.

रविवारी दुकानं बंद असतात. सुपरमार्केटच्या रिकाम्या पार्किंगमध्ये आजीचे क्लास सुरू झाले. अंबाड्यावर हेल्मेट बसेना म्हणून सासूबाईंनी कित्येक वर्षांनी वेणी घातली. इरा जर्मनमध्ये ओरडायची, आजी मराठीत उत्तर द्यायच्या, आणि दोघींचं बरोबर जमायचं. वळायच्या आधी खांद्यावरून मागे बघायचं, मग हात दाखवायचा, मगच वळायचं. हे आजींच्या इतकं अंगात भिनलं की स्वयंपाकघरात गॅसकडून फ्रिजकडे वळतानासुद्धा त्या आधी मागे बघायच्या आणि हात काढायच्या.

चालवायला त्या भराभर शिकल्या. अडचण एकच होती, थांबता येत नव्हतं. हातातला ब्रेक ऐन वेळी आठवायचाच नाही. दर वेळी त्या झुडपात नाहीतर निखिलच्या अंगावर जाऊन थांबायच्या. परतीचं विमान पुढच्या आठवड्यात होतं, आणि त्याआधी एकच शनिवार उरला होता, रेगेन्सबर्ग ते श्ट्राउबिंगचा. निखिलनं अट घातली की आईला स्वतःहून थांबून उतरता आलं तरच सायकल, नाहीतर ट्रेन. मला त्याचा भयंकर राग आला होता. पण झुडपात शिरलेल्या आजी बघितल्यावर त्याचं चूक आहे असंही म्हणवेना.

शुक्रवारी संध्याकाळी अमोद आला. घरासमोर चाललेला सगळा प्रकार त्यानं बघितला आणि तळघरातून ती बुटकी सायकल वर आणली. म्हणाला, "काकू, हिचा ब्रेक पायात आहे. मला हिनं मक्यात टाकलंय, सांभाळून."

सासूबाई बसल्या. एक चक्कर मारली, पाय मागे दाबला, आणि सायकल आमच्यापुढे अलगद येऊन उभी राहिली. त्या उतरल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा थांबल्या. आम्ही बघतच राहिलो.

"अरे, हे तर पायमशीन आहे," त्या म्हणाल्या. जन्मभर त्यांनी पायानं चालवायच्या मशीनवर अख्ख्या आळीचे ब्लाउज शिवलेत. सुई कुठं थांबवायची ते त्यांच्या पायाला कधीपासून ठाऊक होतं. ब्रेकच्या इंजिनियरनं आईच्या सायकलीत हवा भरली.

* * *

शनिवारी पाचही जण निघालो. वारा पाठीवर होता, नदी बाजूनं, आकाश मोकळं. पुढे इरा, तिच्या मागे आजी, आणि आजींच्या मागे हात पसरायच्या तयारीत निखिल. त्यानं श्ट्राउबिंगच्या अलीकडच्या गावांत स्टेशनं कुठं आहेत ते पाठ करून ठेवलं होतं. दर थोड्या वेळानं विचारायचा की आई, दमलीस का. त्या मागे न बघता नुसता हात हलवायच्या. एकदा वळणावर त्यांनी स्वतःहून घंटी वाजवली, तेव्हा कळलं की मुलगा कोणावर गेलाय.

दुपारी श्ट्राउबिंगचा पूल आला. आजींनी पाय मागे दाबला, थांबल्या, उतरल्या. मला रडूच आलं. निखिलनं आईला मिठी मारली आणि तिथंच गवतावर पसरला. अमोदनं शूज काढले. मी डबे उघडले.

सासूबाई उभ्याच होत्या. बांधावरची वाट पुढे जात होती, तिकडे बघत त्यांनी इराला विचारलं की पुढे कोणतं गाव आहे. इरा म्हणाली, बोगन. मग दोघी जरा एक चक्कर मारून येतो म्हणाल्या. आम्ही माना डोलावल्या, कारण तोंडात दशमी होती.

आमचं जेवण झालं. अमोदची एक डुलकी झाली. निखिल उठून बसला, बांधावर लांबवर बघितलं, आणि त्याचा चेहरा उतरला. बांध मोकळा होता. तो सायकलकडे धावणार एवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं स्पीकरवर टाकला. मागे इराचं जर्मनमधलं हसणं ऐकू येत होतं.

"निखिल, घाबरू नकोस. आम्ही बोगनला पोचलो. इथं स्टेशन आहे, बाक पण चांगला आहे. तुम्ही दमला असाल. तुम्ही गाडीनं या."