लुगड्याच्या गाद्या

हे सांगायचं मी आजवर टाळलं. पन्नास सालच्या सुमारास अलिबागजवळच्या थळला मी क्रिस्टलचा रेडिओ जुळवला होता. त्याला लष्कराच्या भंगारातले हेडफोन होते. आवाज बारीक, पण स्वच्छ. कान मात्र दुखत. कोळीवाड्यातला जाळी विणणारा एक म्हातारा रोज दुपारी आमच्या पायरीवर बसून ते हेडफोन लावायचा. निवेदकाने नमस्कार म्हटलं की तोही हात जोडायचा. मी हसलो की म्हणायचा, "हस, दादा. घरान माझ्याशी बोलाला कोन न्हाय. ह्यो तरी कानाशी येऊन बोलतो."

हेडफोनला मासळीचा वास येतो म्हणून मित्र मला चिडवू लागले. एक दिवस मी त्याला सांगून टाकलं, "रेडिओ बिघडलाय."

चार दिवसांनी तो हेडफोनला लावायच्या दोन गोल गाद्या घेऊन आला. वारलेल्या बायकोच्या लुगड्याच्या, जाळ्याच्या सुताने शिवलेल्या. मी हेडफोन लावूनच बसलो होतो. त्याला पाहून झटकन काढले, आणि तेवढ्यानेच त्याला कळलं. गाद्या पायरीवर ठेवत तो म्हणाला, "तुझं कान दुखतान ना." पुन्हा आला नाही.

गाद्यांनी कान दुखायचे थांबले. कोळीवाड्याच्या तोंडापर्यंत मी कितीदा गेलो आणि परतलो. एवढंच म्हणायचं होतं, "बाबा, रेडिओ चालू होता. मी चुकलो."