खळीनं चिकटवलेलं पान

अक्कांना अक्षरओळख नव्हती, तरी आमच्या धुळ्याच्या गल्लीला पोथी त्याच वाचून दाखवत. जाडजूड, लाल कापडी बांधणीची सचित्र पोथी. अक्का चित्रं बघत आणि त्यातली कथा अहिराणीत सांगत. मी शाळेत नुकतीच लागलेली बाई, त्यांची भाडेकरू.

प्रत्येक चित्रावर पातळ झिरझिरीत कागद होता. तो उचलायला अक्कांना फार वेळ लागे. "आस्ते, बठ्ठा जपेल शेतस," म्हणत, जणू आत सगळे झोपलेले आहेत. आणि खरंच, कागद सरकला की राजा, राणी, हरणं नुकतीच जागी झाल्यासारखी दिसत. बाहेर जिनिंगच्या गिरणीकडून कापसाची म्हातारी उडत यायची, दुपार पिवळी होत जायची, आणि आपण अरण्यात आहोत की ओट्यावर, हे मला कळेनासं व्हायचं.

अक्कांची कथा मात्र राज्याभिषेकालाच संपे. लगेच गूळ-शेंगदाण्याचा प्रसाद. एकदा माझ्या लक्षात आलं, पुढची दोन पानं खळीनं एकमेकांना चिकटली आहेत. माझं शहाणपण तेव्हा ओसंडून वाहत होतं. सगळ्यांसमोर म्हणाले, "अक्का, पुढचं राहिलं की! राजा राणीला वनात सोडतो ते."

ओट्याच्या कडेला अक्कांची लेक शांता वाती वळत बसली होती. दोन वर्षांपूर्वी भुसावळहून नवरा तिला इथं आणून सोडून गेला होता, तो परत फिरकला नव्हता. तिचे हात थांबले. ती उठून आत गेली.

अक्कांनी पोथी मिटली. "बाई, तुले वाचता येस," त्या हळूच म्हणाल्या, "पन मले मन्ही पोरले रोज देखनं पडस."

कणकेची ती खळ कुणी लावली होती, ते मला तेव्हा कळलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं. माफी मागायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी पाटी घेऊन शांतापाशी बसले आणि बदली होईपर्यंत रोज बसत राहिले.  निघताना अक्कांनी माझ्या पिशवीत मूठभर गूळ-शेंगदाणे घातले.

पुढे काही वर्षांनी शांताचं पत्र आलं, वेड्यावाकड्या अक्षरांत. अक्का गेल्या होत्या.

"पोथी आता मी वाचते. पुढं काय आहे ते मला माहीत आहे, बाई. पण ते पान उघडलं नाही. आईच्या हातची खळ आहे."