त्या हिवाळ्यातली मामुली सर्दी

बाबांचं सरकारी दफ्तर मोतीमहालातून भोपाळला हललं आणि बाबाही गेले. शहराच्या लष्कर भागातल्या भाड्याच्या खोल्यांत आई, मी आणि नुकताच जन्मलेला माझा भाऊ राहिलो. मी तेव्हा दहा वर्षांची असेन. उन्हं तापली तसा शहरात फ्लू आला. गल्लीत घरंच्या घरं आडवी झाली. समोरच्या चाचींची रांगती नात तापानं फणफणली आणि बघता बघता गेली.

त्या दिवसापासून आईनं बाळाला कुणाला हात लावू दिला नाही. मी बाहेरून आले की कपडे बदलून दाराशी बसायचं आणि लांबूनच त्याला हसवायचं. चाची एकदा डोळे पुसत त्याला बघायला आल्या, त्यांनाही आईनं पायरीवरूनच परत पाठवलं. फ्लू ओसरला, पाऊस झाला, दसरा गेला, पण आईचा नेम सुटला नाही. बाळाला साधी शिंकही आली नव्हती. मलाच घरात खोकायची भीती वाटे. घसा खवखवला तर मी पाणी पिऊन गप्प राही.

थंडीत बाबा छुट्टीवर आले. नाक थोडं वाहत होतं, इतकंच. आल्या आल्या त्यांनी बाळाला उचलून छातीशी धरलं. इतक्या महिन्यांनी घरी आलेल्या माणसाला आई नको म्हणू शकली नाही.

दोन-तीन दिवसांत बाळ दूध ओढेनासं झालं. श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडायचा आणि छातीतून शिट्टीसारखा आवाज यायचा. टांगा करून आम्ही अस्पताळात गेलो. मुलांच्या वॉर्डात एकेका खाटेवर दोन-दोन बाळं होती, बहुतेक आमच्या बाळाएवढीच, आणि सगळ्यांच्या छातीतून तोच आवाज. फ्लू परत आला का, असं आईनं डॉक्टरांना विचारलं.

"नहीं बहनजी," ते म्हणाले. "मामूली सर्दी है. हर साल आती है. पर फ्लू के डर से ये बच्चे घर में बंद थे, इनसे पहली बार मिल रही है."

बाळाच्या नाकाशी धरलेल्या नळीकडे आई बघत राहिली. मग बाबांना म्हणाली, "मी त्याला वाचवतच होते हो."

तोंडावर रुमाल धरून बाबा वॉर्डाच्या दाराबाहेरच उभे होते.

दुपारी शेजारच्या खाटेवरचं एक बाळ कपड्यात गुंडाळून नेलं. त्याची आई मागोमाग गेली, तिचा दुधाचा पेला तिथंच राहिला. आमचा भाऊ मात्र हळूहळू दूध घेऊ लागला आणि घरी आला.

पुढचे कितीतरी हिवाळे त्याची छाती वाजत राहिली. आईनं त्याला पुन्हा कोंडून ठेवलं नाही. गल्लीतल्या शेंबड्या पोरांत ती त्याला खेळायला सोडायची. तो परत आला की त्याच्या पाठीला कान लावून बसायची, आणि चुलीवर भात करपला तरी उठायची नाही.