चौथ्या दारातली हबशीण

रियाधमधल्या आमच्या कंपाउंडच्या भिंतीबाहेर बायकांनी घोळक्याने फिरणं शक्यच नव्हतं. म्हणून समोरच्या व्हिलातल्या अमेरिकन शिक्षिकेने तो कार्यक्रम आतच आखला. ती स्वतः काळी. बायकांनी जुन्या वेषात एकेका दारात उभं राहायचं, पाहुणे दारोदार फिरत आले की पूर्वीच्या एखाद्या काळ्या बाईची गोष्ट ‘मी’ म्हणून सांगायची. धोबीण, सुईण, गुलामीतून पळालेली बाई, अशी तीन दारं ठरली होती.

माझी बारा वर्षांची मुलगी तिच्याकडे शिकायला जायची. तुमच्या भाषेत आफ्रिकेच्या बाईला काय म्हणतात, असं तिने विचारलं, तर आमचं रत्न खुशीत म्हणालं, "हबशीण! मम्मी मलाच म्हणते."

शिक्षिका हरखून माझ्याकडे आली. "तुमच्या किनाऱ्यावरही होत्या? मग चौथं दार तुमचं. मला तिची गोष्ट हवी."

माझं माहेर मुरुडचं. हबशांचा किल्ला रोज समोर दिसायचा. पण त्यांच्यातल्या एकाही बाईची गोष्ट मला ठाऊक नव्हती. ठाऊक होती ती शिवी. उन्हात रापून आले की आई ती माझ्यावर फेकायची, आता मी मुलीवर फेकत होते. लाडाने म्हणते, असं स्वतःला बजावायचे. लाड कसले डोंबलाचे! मुलगी माझ्यापेक्षा सावळी निघाली याचा मला राग होता.

"मम्मी, व्हॉट डिड शी डू?" ती रोज विचारायची.

"आधी होमवर्क," मी रोज म्हणायचे.

गुरुवारी, कार्यक्रमाच्या दुपारी, माझ्याकडे गोष्ट नाही म्हटल्यावर माझ्याऐवजी तीच माझी लाल साडी नेसून आमच्या दारात उभी राहिली. पाहुणे आले. ती इंग्रजीत बोलली, कुठेही न अडखळता:

"मी हबशीण. पोहून आले की मला या नावाने हाक मारतात. दर शुक्रवारी आई मला डाळीचं पीठ आणि साय लावून घासते. मी निघून जावं म्हणून. मी अजून गेले नाही."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. शिक्षिकेने नाही. ती माझ्याकडे बघत राहिली. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मुलगी नेहमीसारखी बाथरूममध्ये स्टुलावर येऊन बसली आणि तिने हात पुढे केले. वाटीत पीठ तिनेच कालवून आणलं होतं.