काहीच न घातलेली डिश

व्हाइटफील्डला जाणारी ऑफिसची कॅब सिग्नलला अडकली होती, तेव्हा अण्णांचा फोन आला. अण्णा म्हणजे यमुनाअक्कांचे यजमान. गेलं वर्षभर त्यांचं नाव फोनवर दिसलं की मी हातातलं काम टाकून तो उचलायचो, आणि दर वेळी ते काहीतरी साधंच विचारायचे. अमुक गोळी जेवणाआधी की नंतर, रिपोर्ट कुठल्या खिडकीवर मिळतो. त्या दिवशीही आवाज तसाच होता. "स्वल्प लवकर येतोस का रे?" एवढंच म्हणाले. फोन मात्र ठेवला नाही. मी कॅबमधून उतरलो आणि मेट्रोच्या दिशेनं चालू लागलो.

अक्का माझ्या नात्यातल्या नव्हत्या. उमरग्याच्या शाळेत शिकलेला, घरातला पहिला पदवीधर असा मी त्यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून आलो, तेव्हा मला धड इंग्रजी बोलता येत नव्हतं आणि कन्नड तर अजिबातच नाही. पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, "जेवलास का?" परक्या शहरात ते मराठीतून ऐकून मी सकाळपासून उपाशी असल्याचं सांगून टाकलं. त्यांचं घराणं इथं कित्येक पिढ्यांपासूनचं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड सहज मिसळलेलं असायचं. "मॅडम नको म्हणू. अक्का म्हण, सरी?" सरी म्हणजे ठीक आहे ना. आज मी जो काही आहे, तो त्या एका खोलीत घडलो.

आमचं काम हिप्पलीवर होतं. हिप्पली म्हणजे आपल्याकडची पिंपळी. कॅन्सरच्या काही पेशी केमोचं औषध आत शिरलं की पंप लावल्यासारखं बाहेर फेकतात. पिंपळीतला एक घटक तो पंप अडवतो आणि मग थोड्या औषधानंही पेशी मरतात, असं आम्हाला पेशी वाढवायच्या डिशमध्ये दिसत होतं. मी ते प्रथम पाहिलं तेव्हा हरखून अक्कांना हाक मारली. त्यांनी शांतपणे विचारलं, "कंट्रोल बघितलीस?" कंट्रोल म्हणजे जिच्यात आपण काहीच घातलेलं नसतं ती डिश. सकाळी आल्यावर आधी ती बघायची, मग बाकीच्या, असा त्यांचा नियम होता. "तिला विचारल्याशिवाय आपल्यामुळे काही झालं असं म्हणायचं नाही. आणि डिशला लिव्हर नसतं रे, तेवढं लक्षात ठेव."

निवृत्तीनंतर त्यांनाच कॅन्सर निघाला. जे. पी. नगरच्या घराच्या गच्चीवर पिंपळीचा वेल कुंडीतून कठड्यावर चढला होता. भेटायला येणारा प्रत्येक जण त्याच्याकडे बोट दाखवून म्हणायचा, औषध तर तुमच्या घरातच आहे. अक्का हसून वेळ मारून नेत. मला मात्र एकदा सलाईन चालू असताना म्हणाल्या, "मला भीती वाटते रे. तो पंप नुसत्या कॅन्सरच्या पेशीत नाही. आतड्यात आहे, लिव्हरमध्ये आहे. अडवला तर औषध कुठं किती साचेल, कोणाला ठाऊक?" आयुष्यभर ज्याच्यावर काम केलं, त्यालाच त्या भीत होत्या, आणि त्यांना भिताना पाहून मीही हादरलो.

मग एकदा रक्ताच्या तपासणीत लिव्हरचे आकडे खूप वाढलेले आले. डॉक्टरांनी केमो पुढे ढकलली आणि विचारलं, घरी काढा वगैरे काही घेता का? अक्का ठामपणे नाही म्हणाल्या. अण्णा खिडकीबाहेर बघत होते.

घरी आल्यावर अण्णांनी नेहमीसारखं सार आणून दिलं. काहीही पिण्याआधी भांडं नाकाशी न्यायची अक्कांची सवय होती, पण केमोमुळे त्यांना वासच येईनासा झाला होता. त्यांनी ते भांडं माझ्यासमोर धरलं. "बघ रे, कसला वास येतो?" अण्णा माझ्याकडे बघत होते. मी वास घेतला. मी म्हणालो, "पिंपळीचा."

"स्वल्पच घालतो," अण्णा पुटपुटले. "औषधाचा जोर वाढतो म्हणून तूच सांगत होतीस ना..."

"माझे सगळे पेपर वाचलेत म्हणता. धोके लिहिलेलं शेवटचं पान तेवढं सोडलंत वाटतं," अक्का म्हणाल्या. रागावल्या नाहीत. डॉक्टरांना स्वतः फोन करून सांगितलं. मग अण्णांचा हात हातात घेऊन बसल्या.

सार बंद झालं. आकडे हळूहळू उतरले, केमो पुन्हा सुरू झाली, पण तोवर आजार पसरला होता. शेवटी डॉक्टरांनीच केमो थांबवली. त्या दिवशी अक्का म्हणाल्या, "अहो, आता घाला हिप्पली. आता कशाशी भांडायला नको तिला." अण्णांना वाटणाला हात लावता येईना. मी कुटून दिली. एक घोट घेऊन अक्का म्हणाल्या, "वास नाही येत. घशात गरम लागतं मात्र."

कॅबमध्ये अण्णांचा फोन आला, त्या दिवशी अक्का गेल्या. त्याला महिना झाल्यावर, मागच्या रविवारी, मी जे. पी. नगरला गेलो होतो. अण्णा गच्चीवर वेलाला पाणी घालत होते. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "तू तर त्यातलाच आहेस. खरं सांग. मी हिप्पली घातली म्हणून झालं... की ती थांबवली म्हणून?"

ह्या प्रश्नाला मी महिनाभर भीत होतो. वाढलेले आकडे कशानं वाढले, केमोनं की सारानं, हेही कधी नक्की कळलं नाही. केमोच्या उशिरानं काय बिघडलं, तेही नाही. डिश असत्या तर शेजारी एक काहीच न घातलेली ठेवली असती. अक्का एकच होत्या.

"कळायला मार्ग नाही, अण्णा," मी म्हणालो. "अक्कांनीही हेच सांगितलं असतं."

त्यांनी मान हलवली. खाली स्वयंपाकघरात जाऊन दोन भांड्यांत सार आणलं. एक स्वतःजवळ ठेवलं, एक माझ्यापुढे सरकवलं. "तुझ्यात काही नाही घातलेलं," ते म्हणाले. मग जरा थांबून, हलक्या आवाजात, "तरी बघून घे."

मी भांडं नाकाशी नेलं. चिंच, कोथिंबीर, आणखी काही नाही. मी पहिला घोट घेईपर्यंत अण्णांनी आपलं भांडं उचललं नाही.